फोटोवरच्या पांढऱ्या रेघा : साफ केल्या तरी परत का येतात?

फोटो छापायच्या प्रिंटरचं (आम्ही त्याला मशीनच म्हणतो) हेड क्लीनिंग, म्हणजे शाई सोडणाऱ्या हेडची मशीननंच केलेली सफाई, केली की रेघा जातात आणि दोन दिवसांनी परत येतात. परत क्लीनिंग, परत दोन दिवस. तुमच्याकडं असं चाललं असेल तर आधी क्लीनिंगचं बटण दाबायचं थांबवा. रेघ कशामुळं पडली हा एक प्रश्न, आणि ती परत परत का येते हा दुसरा. क्लीनिंगनं पहिल्याचं काम भागतं, दुसरा तसाच राहतो. बेळगावकडच्या खानापूरच्या बाजारात माझा छोटा स्टुडिओ आहे, सोबत झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं काम. हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे कळायला मला एक अख्खा उन्हाळा लागला, म्हणून सविस्तर लिहितोय.

त्या उन्हाळ्यात जांबोटीकडची एक आजी संध्या सुरक्षाच्या (कर्नाटकातली म्हाताऱ्या माणसांची पेन्शन) अर्जासाठी फोटो काढून गेली. लगीनसराईचे दिवस, दुकानात गर्दी. मी फोटो कापले, पाकिटात घातले, दिले. चौथ्या दिवशी आजी परत आली. पाकीट काउंटरवर ठेवून म्हणाली, "बाळा, ह्यात माझ्या तोंडावर कायतरी ओढलंय बघ." कपाळापासून हनुवटीपर्यंत केसाएवढी पांढरी रेघ होती. नवे फोटो काढून दिले, पैसे घेतले नाहीत, पण बसनं येण्याजाण्यात तिचा एक दिवस गेला तो गेलाच. तेव्हापासून फोटो कापायच्या आधी कागद खिडकीशी तिरका धरून बघितल्याशिवाय मी पुढं जात नाही.

पासपोर्ट फोटोत रेघ नजरेतून सुटते, कारण मागचा पडदा पांढरा असतो. पांढऱ्यावर पांढरी रेघ दिसणार कशी? ती शोधायची केसांत, भुवयांत, काळ्या कोटावर, गडद लुगड्याच्या पदरावर.

रेघेची दिशा कागदावरून ठरवा, चेहऱ्यावरून नको

४×६ इंची कागदावर ३५×४५ मिलिमीटरचे आठ फोटो बसतात, चार-चारच्या दोन ओळी. कागद मशीनमध्ये जातो तो चार इंची बाजू पुढं करून. इंकजेटचं, म्हणजे शाईचे थेंब उडवून छापणाऱ्या मशीनचं, हेड कागदाच्या रुंदीवरून इकडून तिकडं पळतं, म्हणून हेडमुळं पडलेली रेघ कागदाला आडवी असते. पण त्या कागदावर चेहरे आडवे निजलेले असतात, त्यामुळं तीच रेघ चेहऱ्यावर उभी दिसते. आजीच्या फोटोत झालं ते हेच. मी कापलेला फोटो हातात घेऊन "रेघ उभी आहे, म्हणजे रोलरचा दोष" असा अंदाज बांधला आणि दोन दिवस रोलर पुसत बसलो. न कापलेला कागद बघितला असता तर हे दोन दिवस वाचले असते.

तेव्हा नियम असा : कागद ज्या दिशेनं बाहेर येतो त्या दिशेला आडवी रेघ असेल तर संशय हेडवर किंवा कागद पुढं सरकण्यावर. कागदाच्या दिशेनंच लांब पट्टा असेल तर रोलरचे डाग किंवा हेडमागची ती पारदर्शक प्लास्टिकची बारीक पट्टी बघा. त्या पट्टीवरच्या सूक्ष्म खुणा वाचून मशीनला हेड कुठं आहे ते कळतं. तिच्यावर शाईचा शिंतोडा किंवा ग्रीसचा डाग असला की हेडचा अंदाज चुकतो. मशीनची वायर काढून, किंचित ओलसर, धागे न सुटणाऱ्या कापडानं ती हलक्या हातानं पुसायची. ओढायची नाही, ती निसटली तर परत बसवताना घाम फुटतो.

डाय-सब, म्हणजे रिबनवरचा रंग उष्णतेनं कागदावर उतरवणाऱ्या मशीनवाल्यांचं गणित उलटं. तिथं शाई नसते, रिबन असते, आणि गरम होणारं हेड कागदाच्या पूर्ण रुंदीवर एका जागी बसलेलं असतं. कागद त्याच्याखालून सरकतो. म्हणून हेडवर एक कण बसला तर कागदाच्या लांबीभर सरळ, बारीक रेघ जाते, आणि प्रत्येक फोटोवर त्याच जागी. निपाणीत माझ्या मित्राचा स्टुडिओ तंबाखूच्या वखारींजवळ आहे. तिथली धूळ नुसती डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळते. त्याच्या मशीनवर वर्षातून दोनदा तरी ही रेघ येते. मशीन बंद करून हेड थंड होऊ द्यायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या बोळ्यानं हेडची कड एकाच दिशेनं पुसायची आणि पूर्ण वाळल्यावर रिबन घालायची. बोटानं हेडला शिवायचं नाही. पुसूनही रेघ त्याच जागी राहिली तर हेडवर ओरखडा आहे किंवा तिथला एक बिंदू तापायचा थांबला आहे, मग हेड बदलण्यावाचून मार्ग नाही. रेघ पांढरी नसून रंगीत असेल आणि दोन-चार फोटोंनंतर आपोआप गेली तर ती रिबनची सुरकुती किंवा ओरखडा असतो, हेडला हात लावू नका.

आता पुढचं सगळं शाईच्या मशीनबद्दल, कारण आपल्याकडं खेड्यापाड्यांतल्या बहुतेक दुकानांत तीच आहेत.

नोझल चेक तीनदा काढा, तारखा घालून

नोझल चेक म्हणजे हेडच्या बारीक छिद्रांतून (नोझल) शाई नीट येते का ते दाखवणारं चाचणीचं पान. एका नोझल चेकवरून काही ठरवू नका. रेघ आली की क्लीनिंग न करता एक नोझल चेक काढा. क्लीनिंगनंतर दुसरा. मग चार-पाच पूर्ण रंगीत फोटो सलग छापून लगेच तिसरा. प्रत्येकावर पेनानं तारीख-वेळ घाला आणि तिन्ही शेजारी ठेवून बघा.

भिंग असेल तर उत्तम, नाहीतर मोबाइलनं फोटो काढून मोठा करा. प्रत्येक रंगाच्या बारीक रेषांची पायऱ्या-पायऱ्यांची जाळी असते. कुठली पायरी गायब आहे तेवढं मोजायचं. पिवळ्याची जाळी पांढऱ्या कागदावर जवळजवळ दिसतच नाही, आणि "बाकी सगळे ठीक आहेत" म्हणून आपण सोडून देतो. त्यावर निळं जिलेटिन धरा, बुके बांधायला वापरतात ते. पिवळ्या रेषा काळपट होऊन उठून दिसतात.

दर वेळी त्याच रंगाची तीच पायरी गायब असेल तर त्या छिद्रात शाई सुकली आहे. हा साधा दोष, सुटण्यासारखा.

दर वेळी वेगळ्या पायऱ्या गायब, क्लीनिंगनंतर तर आणखी नवीनच गायब, तर छिद्रं तुंबलेली नाहीत. आत हवा शिरते आहे, किंवा हेडखालची डबी (कॅप), जिच्यातून क्लीनिंगच्या वेळी पंप शाई ओढतो, ती नीट ओढत नाही. इथं क्लीनिंग जितकं कराल तितकी शाई वाया जाते, आणि ती जाते कुठं? मशीनच्या तळाशी असलेल्या, वाया गेलेली शाई शोषणाऱ्या वेस्ट पॅडमध्ये. तो पॅड भरला, म्हणजे मशीनच्या हिशेबात आकडा भरला, की लाल दिवा लागून मशीन थांबतं. रेघेचा दोष राहतो बाजूला आणि पॅडचं काम गळ्यात पडतं.

पहिला-दुसरा फोटो स्वच्छ, चौथ्या-पाचव्याला एकच रंग विरळ होत जातो आणि शेवटी पट्टे, दहा मिनिटं थांबलं की परत ठीक. ही शाईची उपासमार. टाकीपासून हेडपर्यंत शाई पुरेशा वेगानं पोचत नाही. टाकीतली पातळी खालच्या रेषेच्या खाली गेली आहे का बघा. टाकीला हवा यायचं छिद्र शाईनं चिकटून बंद झालंय का बघा. नळीत हवेचे लांब बुडबुडे दिसतात का बघा. सुरुवातीच्या काही टाकीवाल्या मशीनना बाजूला वाहतुकीचा कुलूप-खटका असतो. दुकान हलवताना तो बंद केला आणि नंतर उघडायचा राहिला, अशी दोन मशीन मी स्वतः बघितली आहेत. हे सगळं ठीक असेल तर हेडच्या डोक्यावरचा डॅम्पर, म्हणजे शाई गाळून हेडला देणारी छोटी डबी, तुंबलेला असतो. ते काम मेकॅनिकचं.

आणि तिन्ही नोझल चेक अखंड, तरी फोटोवर बारीक समान अंतरावर रेघा? मग हेड निर्दोष आहे. चमकदार फोटो कागद घालून सेटिंग साध्या कागदाचं ठेवलं असेल, नाहीतर ड्राफ्टवर (घाईची, कमी दर्जाची छपाई) असेल. फोटो कागदाचा प्रकार निवडा, दर्जा वरचा ठेवा, हाय स्पीडची टिक काढा. हेड जाताना आणि येताना दोन्ही दिशांनी छापतं, ते एका रेषेत बसत नसेल तर अलाइनमेंट (हेडची जुळणी) करून घ्या. कागद ओढणारे रोलर धुळीनं गुळगुळीत झाले तरी कागद कमी-जास्त सरकतो : कमी सरकला की गडद रेघ, जास्त सरकला की पांढरी. खानापूर भागातली तांबडी माती रोलरवर पावडरीसारखी बसते. रेघ फक्त कागदाच्या शेवटच्या इंच-दोन इंचांत येत असेल तर घाबरू नका. तिथं मागच्या रोलरनं कागद सोडलेला असतो. फोटो थोडा वर सरकवून बसवा.

परत परत येण्याचं कारण मला कुठं सापडलं

माझी तिन्ही नोझल चेकची पानं पहिल्या प्रकारची होती. फिकट मॅजेंटाच्या त्याच दोन पायऱ्या, आठवड्याच्या सुट्टीनंतर हमखास. सहा रंगांच्या मशीनमध्ये फिकट मॅजेंटा आणि फिकट सायन कातडीचा रंग घडवतात. म्हणून तो रंग गेला की रेघ तर येतेच, शिवाय चेहरा आजारल्यासारखा हिरवट दिसतो.

हेड काम संपल्यावर उजवीकडं आपल्या घरी जातं. तिथं रबराच्या काठाची एक डबी खालून येऊन छिद्रांना चिकटते, तीच कॅप. ती बसली की छिद्रांतली शाई ओली राहते. पण हे सगळं होतं मशीन त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद केलं तर. दुकान बंद करताना माझा भाचा घाईत भिंतीवरचा बोर्डच बंद करायचा, दिवे-पंख्यांबरोबर मशीनही. कधी हेड घरी असायचं, कधी मधेच. मधे राहिलं की रात्रभर आणि सुट्टीचा दिवसभर छिद्रं उघडी, वर एप्रिल-मेची कोरडी हवा. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "मामा, बोर्ड बंद केला की सगळंच बंद होतंय की!" त्याचं चुकलं नव्हतं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता बोर्डावर चिठ्ठी चिकटवली आहे : आधी मशीनचं बटण, दिवा विझला, मग बोर्ड.

दुसरा चोर म्हणजे करंट. छपाई चालू असताना करंट गेला की हेड कागदाच्या मध्यावर उभं राहतं. बऱ्याच मशीन करंट आल्यावर आपोआप चालू होत नाहीत, आणि आपण चहाला गेलेलो असतो. करंट आला की आधी मशीन चालू करून हेड घरी जाऊ द्या. छोटा कॉम्प्युटरचा यूपीएस लावला तर प्रश्नच मिटतो. शाईचं फोटो मशीन छापताना साधारण पंधरा-वीस वॉट खातं, एवढा भार तो यूपीएस सहज ओढतो. मात्र डाय-सब किंवा लेझर त्यावर लावू नका, ती गरम व्हायला काही शे वॉट ओढतात.

चिठ्ठी लावली, यूपीएस आला, महिनाभर शांत. मग परत रेघ. या वेळी जागा बदलत होत्या, म्हणजे दुसरा प्रकार. मशीन चालू करून हेड बाजूला आल्यावर वायर काढली आणि टॉर्च घेऊन कॅप बघितली. आत स्पंजवर काळी, चिकट जेलीसारखी शाई साठली होती, आणि रबराच्या काठावर एक धागा आडवा चिकटला होता. मशीनवर झाकायला मी जुनं सुती लुगडं वापरायचो, त्याचाच. एवढ्याशा धाग्यामुळं कॅप हेडला हवाबंद बसत नव्हती. क्लीनिंग करताना शाईऐवजी हवाच ओढली जायची, आणि रात्री छिद्रं सुकायची.

कॅपची सफाई घरी करता येते. डिस्टिल्ड पाणी घ्या. गॅरेजच्या दुकानात बॅटरीत घालायला मिळतं ते साधं पाणी चालतं, पण बाटली नीट वाचून घ्या, ॲसिड नको. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातला क्षार परत छिद्रांतच बसेल. धागे न सुटणाऱ्या कापडाच्या टोकानं रबराचा काठ आणि शेजारचं रबरी पातं पुसा. मग कॅपमध्ये ड्रॉपरनं काठोकाठच्या थोडं खाली पाणी घाला, मशीन लावा आणि एक साधं क्लीनिंग करा. पाणी ओढलं गेलं तर पंप ठीक. तसंच साचून राहिलं तर पंपाची नळी तुंबली आहे किंवा निसटली आहे, आणि अशा मशीनवर शंभर क्लीनिंग केली तरी उपयोग नाही. शाईच्या हेडला स्पिरिट, थिनर, खिडकीच्या काचा पुसायचं पाणी यातलं काहीही लावू नका. डाय-सबचा उपाय इथं चालत नाही.

आता झाकायला प्लास्टिकचं कव्हर आहे.

सुकलेलं छिद्र उघडायचं कसं

क्लीनिंग, नोझल चेक, क्लीनिंग, नोझल चेक. असं तीनदा. तिसऱ्यानंतरही तीच पायरी गायब असेल तर बटणानं मशीन बंद करा आणि रात्रभर सोडा. कॅपमधल्या ताज्या शाईच्या ओलाव्यानं सुकलेली गाठ सैल होते. सकाळी पहिल्याच नोझल चेकला निम्म्या वेळा फरक दिसतो. लोक इथंच चुकतात, एका दुपारी दहा-बारा क्लीनिंग करून टाकतात. मीही केली आहेत. मिळाली ती फक्त रिकामी टाकी.

रात्र जाऊनही हललं नाही तर पॉवर क्लीनिंग, म्हणजे खूप जास्त शाई ओढून केलेलं जोरदार क्लीनिंग. आधी सगळ्या टाक्या निदान एक तृतीयांश भरलेल्या हव्यात, नाहीतर नळीत हवा शिरून नवं दुखणं सुरू होतं. एकदा केल्यावर लगेच दुसऱ्यांदा करू नका, बारा तास जाऊ द्या. इंजेक्शननं हेडमध्ये पाणी दाबून घालायचे व्हिडिओ बघून काहीजण करतात. एप्सनच्या हेडमध्ये शाई ढकलायला विजेनं वाकणाऱ्या अतिशय नाजूक पिझो पट्ट्या असतात, जोराच्या दाबानं त्या आणि आतले सांधे खराब होतात. कॅननच्या टाकीवाल्या मशीनमध्ये शाई तापवून उडवतात. तिथं हेड सुटं करून बदलता येतं, म्हणून धोका पत्करणारे जास्त, पण पाणी इलेक्ट्रिक टोकांपर्यंत गेलं तर हेड जळतं. मी इंजेक्शन वापरत नाही.

अथणीला माझा मावसभाऊ आहे, त्याचंही हेच मॉडेल. त्याचा फोन आला, "अण्णा, तुझं मशीन आठ दिवस बंद राहिलं तरी चालतंय, माझं तीन दिवसांतच धरतंय, असं कसं?" हवेचा फरक. एकाच जिल्ह्यात खानापूरच्या घाटाकडं जून ते सप्टेंबर भिंती घाम गाळतात आणि अथणीला हवा कोरडी ठणठणीत. त्याला सांगितलं ते असं : काम असो नसो, दर दोन दिवसांनी सहाही रंग वापरणारा एक छोटा रंगीत फोटो छापायचा. काळ्या-पांढऱ्या अर्जांच्या प्रिंटा काढून मशीन चालू राहतं खरं, पण फिकट रंगांची छिद्रं उपाशीच राहतात. टेबलही खिडकीच्या उन्हातून हलवायला लावलं. नंतर त्याची तक्रार आली नाही.

आमच्याकडं पावसाळ्यात उलटं. छिद्रं सुकत नाहीत, कागद ओलसर होतो. कडा वर उचलतात, हेडला घासतात, काळे ओघळ येतात, कागद सरकताना अडखळतो आणि त्यातून रेघा. लोक याला हेडचा दोष समजतात. फोटो कागदाचं पाकीट उघडलं की लागतील तेवढेच कागद काढा, बाकीचे सिलिका जेलच्या पुड्यांसकट परत बंद करा. ट्रेमध्ये रात्रभर कागद ठेवू नका. नव्या पुडक्यातला कोरडा कागद घालून एक प्रिंट काढली की दोष कागदाचा का मशीनचा ते दोन मिनिटांत कळतं.

शाई बदलल्यापासून रेघा सुरू झाल्या असतील तर तेही लिहून ठेवा. डाय शाईच्या (विरघळलेल्या रंगाची) मशीनमध्ये पिगमेंट शाई (बारीक रंगकणांची) घातली, किंवा दोन कंपन्यांच्या शाया टाकीत मिसळल्या, तर त्यांतला गाळ हेडच्या जाळीत अडकतो. हे क्लीनिंगनं निघत नाही.

मेकॅनिकला बोलवायची वेळ आली तर तारखा घातलेले ते तीन नोझल चेक, एक न कापलेला फोटो, आणि शाई कधी व कुठली भरली हे त्याच्या हातात द्या. माझा मेकॅनिक कोल्हापूरहून येतो. मागच्या वेळी मी ही पानं आदल्या रात्रीच मोबाइलवर पाठवली होती, तर तो येताना डॅम्पर घेऊनच आला आणि दुपारच्या गाडीनं परतही गेला.